मधल्या फळींतून सलामीला

क्रिकेटच्या खेळांत एक डाव संपून दुसरा सुरू होईपर्यंत दहा मिनिटांचा अवकाश असतो. ज्याला पांचव्या किंवा सहाव्या क्रमांकावर खेळावयाचें असतें त्याला ह्या दहा मिनिटांचें कांहींच वाटत नाहीं. तो बूट सैल करतो, चहाचा पेला हातीं घेतो आणि सज्जांत बसून गोलंदाजाची चाल न्याहाळूं लागतो. चेंडू कोणत्या अंगाला वळतो, खेळपट्टी उसळी किती देते, कोणता क्षेत्ररक्षक सुस्त आहे, हें सारें त्याला दुसऱ्याच्या जिवावर कळतें. सलामीच्या फलंदाजाची गोष्ट निराळी. दीड-दोन दिवस उन्हांत क्षेत्ररक्षण करून तो आंत येतो, आणि अंगावरचा घाम वाळण्यापूर्वींच पायांना पॅड बांधून त्याला पुन्हा बाहेर पडावें लागतें. समोर विसांवा घेऊन ताजातवाना झालेला जलद गोलंदाज असतो आणि त्याच्या हातीं नवा चेंडू असतो.

सलामीच्या साऱ्या विद्येची मेख ह्या नव्या चेंडूंत आहे. त्याचें कातडें तुकतुकीत असतें, शिवण उभी आणि टणक असते. तो हवेंतच वळण घेतो. आणि शिवणीवर पडला तर टप्प्यानंतर कोणीकडे जाईल ह्याचा भरंवसा पुष्कळदां गोलंदाजालाही देतां येत नाहीं. तीस-चाळीस षटकें झालीं कीं त्याचा तोरा उतरतो, तो मऊ पडतो, आणि मग मधल्या फळीच्या राजेरजवाड्यांचा काळ येतो. म्हणूनच सलामीवाला आणि मधल्या फळींतला फलंदाज ह्या दोन भिन्न जाती आहेत असें जुने जाणते मानीत आले. असें असूनही, सलामीला भरंवशाचा माणूस सांपडेनासा झाला कीं निवड करणारी मंडळी मधल्या फळीकडे बोट दाखवितात. त्या बोटानें कित्येकांचें दैव उघडलें आणि कित्येकांची कारकीर्द धोक्यांत आली. ह्या स्थित्यंतराचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे.

त्याचा मूळपुरुष म्हणून इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्स ह्यांचें नांव घ्यावें लागतें. यॉर्कशायरचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज १८९९ सालीं कसोटी सामन्यांत उतरला तेव्हां तो फलंदाजीला तळाला होता. १९०३ च्या डिसेंबरांत सिडनीच्या सामन्यांत फॉस्टर ह्यांनीं २८७ धांवा केल्या. त्या डावांत शेवटचा गडी म्हणून ऱ्होड्स त्यांच्या साथीला आले आणि दोघांनीं १३० धांवांची भर घातली. तेव्हांच ह्या माणसाच्या मनगटांत कांहीं आहे हें लोकांना उमगलें. तो पायरीपायरीनें वर चढत गेला, आणि १९१२ च्या फेब्रुवारींत मेलबर्न येथें जॅक हॉब्ज ह्यांच्यासह त्यानें पहिल्या गड्यासाठीं ३२३ धांवा केल्या. हॉब्ज ह्यांच्या १७८, ऱ्होड्स ह्यांच्या १७९. अकराव्या क्रमांकाच्या माणसानें पहिल्या क्रमांकावर जाऊन हॉब्जपेक्षां एक धांव अधिक करावी, ही घटना क्रिकेटच्या इतिहासांत एकमेव म्हणावी लागेल. परंतु ह्याचें मोलही द्यावें लागलें. त्या दौऱ्याच्या कसोटींत ऱ्होड्स ह्यांनीं जवळजवळ गोलंदाजी केलीच नाहीं, आणि त्यांच्या नांवावर एकही बळी पडला नाहीं. सलामीनें एक फलंदाज मिळवून दिला आणि एक गोलंदाज कांहीं काळ काढून घेतला.

हिंदुस्थानच्या संघांत ह्या प्रकाराची पहिली मोठी आठवण १९३६ सालची आहे. त्या वर्षीं विजयानगरमचे महाराजकुमार ह्यांच्या नायकत्वाखालीं संघ इंग्लंडला गेला होता. लॉर्ड्सवरील पहिल्या कसोटींत विजय मर्चंट ह्यांच्या जोडीला यष्टिरक्षक दत्ताराम हिंदळेकर ह्यांना पाठविलें. त्या सामन्यांत हिंदळेकरांच्या बोटाला इजा झाली, आणि मँचेस्टरच्या दुसऱ्या सामन्यांत ते खेळले नाहींत. त्यांची सलामीची जागा इंदूरच्या मुश्ताक अलींना मिळाली. दोन वर्षांपूर्वीं कसोटी संघांत ह्यांचा प्रवेश झाला होता तो डावखुरा मंदगती गोलंदाज म्हणून. पहिल्या डावांत ते १३ वर धांवबाद झाले. इंग्लंडनें ८ बाद ५७१ वर डाव सोडला आणि हिंदी संघ ३६८ धांवांनीं मागें पडला. अशा वेळीं सलामीवाल्यानें अंग चोरून खेळावें असा शिरस्ता. पण मुश्ताक अलींना शिरस्ता ठाऊक नव्हता, किंवा ठाऊक असून त्याची पर्वा नव्हती. पुढें सरसावून ते जलद गोलंदाजांनाही फटकावूं लागले. दोघांनीं मिळून २०३ धांवा जोडल्या; मुश्ताक अली ११२, मर्चंट ११४. परदेशांत कसोटी शतक करणारे मुश्ताक अली हे पहिले हिंदी फलंदाज होत. हिंदळेकरांचें बोट शाबूत राहिलें असतें तर हा योग केव्हां आला असता कोण जाणे. हिंदळेकर हे रत्नागिरीकडचे. त्यांच्या त्या दुखावलेल्या बोटाची आठवण मात्र फारसें कोणी काढीत नाहीं.

आतां विनू मंकड ह्यांच्याकडे वळलें पाहिजे, आणि तेथें थोडें थांबलेंही पाहिजे. जामनगरचा हा गडी मूळचा डावखुरा फिरकी गोलंदाज. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यांत हजार धांवा आणि शंभर बळी असा दुहेरी पराक्रम त्यांनीं केला होता. १९४७-४८ सालीं ऑस्ट्रेलियांत सलामीला जाऊन लिंडवॉलच्या तोफखान्यासमोर मेलबर्नला दोन शतकें काढलीं, एक ११६ चें, दुसरें १११ चें. दुर्दैव असें कीं त्या दौऱ्याची स्मृति उरली ती ह्या शतकांमुळें नव्हे. गोलंदाज चेंडू टाकण्यापूर्वींच जागा सोडणाऱ्या ब्राउन ह्यांना मंकडांनीं धांवबाद केलें, आणि त्या कृतीला जगानें त्यांचेंच नांव चिकटविलें. २०२२ सालीं नियमकर्त्यांनीं ती तरतूद अनुचित खेळाच्या सदरांतून काढून साध्या धांवबादाच्या सदरांत घातली, तेव्हां कुठें मंकडांवरचा तो डाग कागदोपत्रीं पुसला गेला.

१९५२ सालीं हिंदी संघ पुन्हा इंग्लंडला निघाला तेव्हां मंकड त्यांत नव्हते. लँकेशायर लीगमधील हॅस्लिंग्डनच्या क्लबानें त्यांना करारासाठीं विचारलें होतें. संघांत आपली जागा निश्चित आहे काय, अशी पृच्छा त्यांनीं आधीं नियामक मंडळाकडे केली. तशी हमी मिळाली नाहीं. क्रिकेटवर पोट असणाऱ्या माणसानें मग काय करावें? त्यांनीं करार केला. इकडे लीड्सच्या पहिल्या कसोटीच्या दुसऱ्या डावांत जें घडलें तें हिंदी क्रिकेटच्या इतिहासांतलें काळें पान आहे. त्या सामन्यांत बडोद्याचे दत्ताजीराव गायकवाड ह्यांना त्यांच्या पहिल्याच कसोटींत पंकज रॉय ह्यांच्यासह सलामीला धाडलें होतें. ट्रूमन आणि बेडसर ह्यांच्यापुढें रॉय, गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर असे चौघेहि परतले, तेव्हां फलकावर एकही धांव लागलेली नव्हती. ह्याच मांजरेकरांनीं पहिल्या डावांत १३३ धांवा केल्या होत्या. नव्या चेंडूचा महिमा ह्याहून स्पष्ट सांगावयास नको.

मग धांवाधांव झाली. हॅस्लिंग्डनशीं बोलणें करून मंकडांना सोडवून आणलें आणि लॉर्ड्सवर उभें केलें. मधल्या फळीच्या आणि तळाच्या कोणत्याही जागेवर खेळूं शकणाऱ्या ह्या गोलंदाजाला त्यांनीं सरळ पहिल्या क्रमांकावर पाठविलें. रॉय ह्यांच्यासह १०६ धांवांची सलामी झाली, मंकडांच्या त्यांत ७२. बाकीचा संघ कोसळून डाव २३५ वर आटोपला. नंतर इंग्लंडनें ५३७ केल्या. त्या डावांत मंकडांनीं ७३ षटकें टाकलीं आणि १९६ धांवा देऊन पांच बळी घेतले. आणि हा डाव संपतांच, त्याच सायंकाळीं, तोच माणूस पॅड बांधून पुन्हा सलामीला आला. दहा मिनिटांचा अवकाश म्हणजे काय असतो हें ह्या प्रसंगावरून कळावें. विजय हजारे ह्यांच्यासह तिसऱ्या गड्यासाठीं २११ धांवांची भागीदारी करून ते १८४ वर लेकरच्या चेंडूवर त्रिफळाबाद झाले. सामना इंग्लंडनें आठ गडी राखून जिंकला. चौथ्या डावांत मंकडांनीं आणखी २४ षटकें टाकलीं. पराभूत संघांतल्या खेळाडूच्या नांवानें सामना ओळखला जावा असें क्वचित् घडतें; हा सामना मंकडांचा सामना म्हणूनच ओळखला जातो. ज्याला जागेची हमी देतां आली नाहीं त्याच्यावरच सारा भार टाकावा लागला, ही गोष्ट निवड करणाऱ्यांना लाज आणणारी आहे, एवढें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

चार वर्षांनीं, १९५६ च्या जानेवारींत, मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध मंकड आणि रॉय ह्यांनीं पहिल्या गड्यासाठीं ४१३ धांवा केल्या. पहिला संपूर्ण दिवस एकही गडी बाद झाला नाहीं. मंकड २३१, रॉय १७३. हा विक्रम बावन्न वर्षें टिकला. तो मोडला २००८ सालीं, चितगांव येथें बांगलादेशाविरुद्ध दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेम स्मिथ आणि नील मॅकेंझी ह्यांनीं, ४१५ धांवांची भागीदारी करून. ह्यांतली गंमत अशी कीं मॅकेंझी हेही मूळचे मधल्या फळीचे. संघाबाहेर कांहीं वर्षें काढून ते नुकतेच सलामीवाले म्हणून परतले होते. मंकड आणि ऱ्होड्स ह्या दोघांचें नांव आणखी एका कारणानें एकत्र घेतात: कसोटी क्रिकेटमध्यें पहिल्यापासून अकराव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर खेळलेले खेळाडू बोटांवर मोजण्याइतकेच, आणि हे दोघे त्यांत आहेत.

मुंबईच्या रवि शास्त्री ह्यांची कथा त्याच वळणाची. तेही डावखुरे फिरकी गोलंदाज. १९८१ सालीं वेलिंग्टनला पहिली कसोटी खेळतांना ते दहाव्या क्रमांकावर होते, आणि दोन वर्षांच्या आंतच कराचीला पाकिस्तानच्या माऱ्यासमोर सलामीला जाऊन त्यांनीं १२८ धांवा काढल्या. १९९२ च्या जानेवारींत सिडनीला सलामीवाला म्हणूनच त्यांनीं २०६ केल्या. ऑस्ट्रेलियांत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय. शेन वॉर्न ह्यांची ती पहिली कसोटी, आणि त्यांना मिळालेला पहिला बळी शास्त्रींचाच.

आतांपर्यंतचीं उदाहरणें कसोटीचीं झालीं. एक दिवसाच्या मर्यादित षटकांच्या सामन्यांनीं ह्या प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. त्या सामन्यांत आरंभीच्या षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवण्याचें बंधन आलें. सलामीवाल्यापुढें मोकळें रान पडलें; चेंडू क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून उचलण्याची धमक असली कीं चौकार ठेवलेलाच. जुन्या सलामीवाल्याचा मोठा गुण म्हणजे चेंडू सोडून देणें. येथें तो गुण अडचणीचा ठरूं लागला. मग कोणाला पाठवावें?

ह्या प्रश्नाचें भारतापुरतें उत्तर २७ मार्च १९९४ रोजीं ऑकलंडला मिळालें. तो होळीचा दिवस होता. नेहमींचे सलामीवाले नवज्योत सिद्धू ह्यांची मान आंखडली होती. संघाचे व्यवस्थापक अजित वाडेकर आणि नायक महंमद अझरुद्दीन पेंचांत पडले असतां वीस वर्षांच्या सचिन तेंडुलकर ह्यानें, वयाचीं एकवीस वर्षें पुरीं होण्यास अद्याप महिना होता, आपणहून त्यांना गळ घातली: मला एक संधि द्या, अपयश आलें तर पुन्हा मागणार नाहीं. हा मुलगा १९८९ पासून संघांत होता. कसोटींत त्याचीं शतकें झालीं होतीं. परंतु सत्तरच्या घरांत एकदिवसीय सामने झाले तरी त्यांत एकही शतक नव्हतें. मधल्या फळींत त्याची पाळी येईपर्यंत षटकें सरत आलेलीं असत. वाडेकर स्वतः मुंबईच्या मैदानावर वाढलेले, मोजकें बोलणारे गृहस्थ. त्यांनीं होकार दिला. न्यूझीलंडचा संघ १४२ वर बाद झाला होता. तेंडुलकरांनीं अजय जडेजाबरोबर सलामीला जाऊन ४९ चेंडूंत ८२ धांवा केल्या, त्यांत १५ चौकार आणि २ षटकार. भारतानें सामना सात गडी राखून जिंकला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत कोलंबोला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांचें पहिलें एकदिवसीय शतक झालें. पुढें अशीं ४९ झालीं, आणि त्यांतलीं ४५ सलामीचीं. २०१० च्या फेब्रुवारींत ग्वाल्हेरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलें पहिलें द्विशतकही त्यांनीं सलामीलाच येऊन पुरें केलें. आणि तरीही कसोटींत हाच माणूस आयुष्यभर चौथ्या क्रमांकाचा राहिला. सलामीला गेला तो एकदांच. एकाच फलंदाजाचें स्थान खेळाच्या प्रकाराप्रमाणें कसें बदलतें, ह्याचा ह्याहून चांगला दाखला मिळणार नाहीं.

तेंडुलकरांनीं मागून घेतलें. हैदराबादच्या व्ही. व्ही. एस. लक्ष्मण ह्यांच्या वांट्याला तेंच न मागतां आलें. १९९६ सालीं अहमदाबादला मधल्या फळींत ते संघांत आले. मग मधल्या फळींत जागा नाहीं म्हणून त्यांना सलामीला ढकललें. तरुण खेळाडूला नाहीं म्हणण्याची सोय कोठें असते? नाहीं म्हटलें तर घरीं बसावें लागतें, आणि हो म्हटलें तर आपला नसलेला खेळ खेळून अपयशाचें खापर आपल्याच डोक्यावर फुटतें. लक्ष्मण कांहीं वर्षें आंत-बाहेर होत राहिले. २००० च्या जानेवारींत सिडनीला त्यांनीं सलामीला येऊन १६७ धांवा केल्या. साऱ्या संघाच्या मिळून २६१ झाल्या होत्या. दुसरा कोणी असता तर ह्या खेळीनंतर ती जागा कायमची आपली मानून बसला असता. लक्ष्मणांनीं उलट केलें. थोड्याच काळानें, यापुढें सलामीला जाणार नाहीं, मधल्या फळींत जागा असेल तर खेळेन, असें त्यांनीं कळविलें. ह्या निर्णयापायीं संघाबाहेर राहण्याचीही त्यांची तयारी होती, आणि राहावेंही लागलें. स्थानिक सामन्यांत ते धांवांच्या राशी रचीत राहिले.

पुढें २००१ च्या मार्चमध्यें कोलकत्याला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या डावांत सहाव्या क्रमांकावर येऊन त्यांनीं ५९ केल्या. संघावर फॉलोऑनची आपत्ति आली. २७४ धांवांची पिछाडी. दुसऱ्या डावांत त्यांना तिसऱ्या क्रमांकावर पाठविलें. २८१ धांवा, राहुल द्रविड ह्यांच्यासह ३७६ ची भागीदारी, आणि भारताचा १७१ धांवांनीं विजय. हा इतिहास बहुतेकांना तोंडपाठ आहे. त्याच्या मागें पूर्वींचा एक नकार होता, हें मात्र ध्यानांत घ्यावयास हवें. क्रमांक बदलण्याच्या ह्या व्यवहारांत फलंदाजाला काय वाटतें हें विचारण्याची पद्धत पुष्कळ वर्षें नव्हतीच. सिडनीच्या १६७ धांवांचा हवाला देऊन लक्ष्मणांना चूक ठरविणारे तेव्हां थोडे नव्हते. पण एका खेळीवरून माणसाची प्रकृति ठरत नसते.

वीरेंद्र सेहवाग ह्यांच्या बाबतींत गोष्ट समजुतीनें झाली. २००१ च्या नोव्हेंबरांत ब्लूमफाँटेनला पहिल्याच कसोटींत सहाव्या क्रमांकावर त्यांनीं १०५ धांवा केल्या होत्या. मधली फळी तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण अशी गच्च भरलेली. नायक सौरव गांगुली ह्यांनीं त्यांना २००२ च्या इंग्लंड दौऱ्यांत सलामीला पाठविलें. लॉर्ड्सला ८४ आणि नॉटिंगहॅमला १०६. सेहवागांचे पाय फारसे हलत नसत, आणि जुन्या पंतोजींच्या शास्त्राप्रमाणें असा माणूस नव्या चेंडूपुढें टिकूंच नये. पण त्यांची नजर आणि हात इतके चपळ होते कीं शास्त्रालाच वाट सोडावी लागली. मुलतानला ३०९ आणि चेन्नईला ३१९, अशीं दोन त्रिशतकें त्यांनीं सलामीवाला म्हणून केलीं.

मुंबईचे रोहित शर्मा ह्यांनीं हा प्रवास दोनदां केला. एकदिवसीय सामन्यांत २०११ च्या आरंभीं दक्षिण आफ्रिकेंत त्यांना सलामीला पाठवून पाहिलें होतें, तें साधलें नाहीं. २०१३ च्या जानेवारींत महेंद्रसिंग धोनी ह्यांनीं मोहालीला इंग्लंडविरुद्ध पुन्हा पाठविलें. ८३ धांवा झाल्या आणि तेथून त्यांची दशा फिरली. पुढच्याच वर्षीं ईडन गार्डन्सवर त्यांनीं श्रीलंकेविरुद्ध एकट्यानें २६४ केल्या. कसोटींत मात्र पहिल्या दोन सामन्यांत सहाव्या क्रमांकावर दोन शतकें करूनही त्यांचें आसन सहा वर्षें डळमळीत राहिलें. २०१९ च्या ऑक्टोबरांत, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, त्यांना कसोटींतही सलामी दिली. तत्पूर्वीं सरावाच्या सामन्यांत विजयानगरमला ते दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर बाद झाले होते. १९३६ च्या संघाचा नायक ज्या गांवचा, तेंच हें गांव. आठवडाही उलटला नाहीं तोंच विशाखापट्टणमला त्यांनीं दोन्ही डावांत शतकें केलीं, १७६ आणि १२७. तरीही, घरच्या खेळपट्टीवरच्या ह्या धांवा, विलायतेंत काय होतें पाहूं, असें म्हणणारे होतेच, आणि त्यांचें म्हणणें अगदींच वावगें नव्हतें. २०२१ च्या सप्टेंबरांत ओव्हलच्या मैदानावर रोहित शर्मांनीं पुन्हा १२७ धांवा केल्या. परदेशांतील त्यांचें तें पहिलें कसोटी शतक. फटकेबाज म्हणून गाजलेला हा माणूस त्या मोसमांत चेंडू सोडून देण्यास शिकला होता.

ह्या सर्व कथांच्या उलट दिशेची एक कथा आहे. १९८३ सालीं वेस्ट इंडीजचा संघ भारतांत आला होता. सुनील गावसकर ह्यांनीं तोंवर बारा-तेरा वर्षें नवा चेंडू अंगावर घेतला होता. कोलकत्याच्या कसोटींत सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर माल्कम मार्शल ह्यांनीं त्यांना बाद केलें. डिसेंबरच्या अखेरीस मद्रासच्या सामन्यांत त्यांनीं सलामी सोडून चौथ्या क्रमांकावर खेळण्याचें ठरविलें. अंशुमान गायकवाड आणि नवज्योत सिद्धू सलामीला गेले. हे अंशुमान म्हणजे लीड्सला शून्यावर परतलेल्या दत्ताजीरावांचे चिरंजीव. मार्शलनीं त्यांना शून्यावर बाद केलें. पाठोपाठ दिलीप वेंगसरकरही शून्यावर गेले. गावसकर जिना उतरून मैदानांत आले तेव्हां फलकावर दोन गडी बाद आणि धांवा शून्य असें लिहिलेलें होतें, आणि चेंडू तसाच तुकतुकीत होता. त्यांनीं गार्ड घेतला. त्या डावांत ते २३६ धांवांवर नाबाद राहिले.